किल्ल्याची मागची बाजू

अन्याय केणी बाईंवर झाला. नववीच्या दुसऱ्या सत्रात, पालकसभेच्या शनिवारी सकाळी, मरोळच्या आमच्या शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, मुख्याध्यापकांच्या भाषणानंतर आणि चहाच्या आधी. मी तिथे होते, माझे बाबा तिथे होते, आणि ज्यांनी तो केला ते सगळे इस्त्रीच्या कपड्यांतले हसतमुख, सभ्य लोक होते. हे आधीच लिहून टाकते, कारण मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून, आणि कोणावर, कधी, कुठे हे पत्रकात वरच नसेल तर लोक तो कागद भेळेखाली धरतात. बाकीचं मात्र सावकाश सांगणार आहे. आमच्या संघटनेतला एक मित्र म्हणाला, "तू आत्ता कुठे बाविशीची, यार. आठवणी कसल्या लिहितेस? एकपानी पत्रक काढ ना, झकास होईल." मी त्याला म्हटलं, म्हातारी होईन तोवर या गोष्टीची लाज वाटायची बंद झालेली असेल. आत्ता वाटतेय, म्हणून आत्ता लिहितेय.

आमची चाळ औद्योगिक वसाहतीच्या पाठच्या भिंतीला लागून होती. भिंतीपलीकडे यंत्रं चालायची, आणि त्यांची घरघर आमच्या भांड्यांच्या फळीत उतरायची. सगळ्यात वरची स्टीलची ताटली दिवसभर बारीक आवाजात कुरकुरत असायची. रविवारी यंत्रं बंद असली की आई म्हणायची, "आज घर बहिरं झालं." आजोबा मालवणकडून गिरणीत आले, गिरणी बंद झाली तेव्हा बाबा शाळेत होते, आणि हाताला मिळेल ते काम करता करता ते मखरांवर येऊन थांबले. गणपतीची थर्माकोलची मखरं. खांब, महिरपी, मोर, कमळं. तापलेली तार थर्माकोलमधून फिरायची तेव्हा चुर्र असा आवाज व्हायचा आणि एक गोडसर, डोकं दुखवणारा वास यायचा. मला कितीतरी वर्षं गणपतीचाच वास तसा असतो असं वाटत होतं. बाबांनी कापलेल्या महिरपीचा डावा अर्धा उजव्यावर ठेवला तर दोन्ही कडा एकच दिसायच्या. मग थर्माकोलवर बंदी आली. बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही, मी स्वतः खाडीतल्या कचऱ्यावर पत्रकं वाटत फिरते. पण ती आली तेव्हा तारेचा तो सगळा सरंजाम पोटमाळ्यावर गेला, बाबा पुठ्ठ्यावर आले, आणि पुठ्ठ्याचं मखर लोकांना उठावदार वाटेना. सुर्वे साहेबांच्या गणपती मंडळाची ऑर्डर तेवढी टिकली. बाकीचं वर्ष आम्हाला पहिल्यापासूनच शाळांनी पोसलं.

ते कसं, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तरी सांगते. शाळा पोरांना प्रकल्प देते. ज्वालामुखी, सूर्यमाला, पावसाचं पाणी साठवायची योजना, किल्ला. पोरगं दप्तर फेकताना सांगतं, उद्याच न्यायचाय. आई नुकतीच कामावरून आलेली, बापाचा पत्ता नाही, घरात पुठ्ठा नाही, गोंद वाळलेला. मग शेजारीण सांगते, अहो, मरोळला परब आहेत ना, मखरवाले, ते करून देतात. आणि मग ती माणसं आमच्या दारात. अंधेरीहून, साकीनाक्याहून, एकदा तर पार मुलुंडहून. शाळा उघडून सहामाही आली की आमच्या घरात बसायला जागा राहायची नाही. जमिनीवर ज्वालामुखी वाळत, खाटेवर ग्रह, खिडकीत पवनचक्क्या. आई चुलीशी, म्हणजे गॅसशी, घावणे घालायची आणि ताट देताना ओरडायची, "पाय उचल, पाय उचल, शनीची कडी मोडशील!" काळ्या वाटाण्याची उसळ आम्ही उभ्यानेच खायचो. भुसा हिरवा रंगवून त्याचं गवत करत, आणि तो सगळीकडे उडायचा. माझ्या लहानपणीच्या पेजेत कधीतरी हिरवा ठिपका असायचाच.

आईचा एकच नियम होता. गिऱ्हाइकाचं नाव बाहेर घ्यायचं नाही. माझ्या वर्गातली पोरं आईबापाबरोबर आमच्याकडे यायची, दारात चपला काढून माझ्याकडे बघायची आणि ओळख न दाखवता भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायची. मीही आत स्वयंपाकघरात जायचे. दुसऱ्या दिवशी तीच वस्तू वर्गात, तिच्यावर त्याचं नाव, आणि बाई म्हणायच्या, वा, किती सुबक. पहिलं बक्षीस दर वर्षी आमच्या घरातून जायचं, आणि एकदाही आमच्या घरी यायचं नाही. मला तेव्हा अभिमान वाटायचा की लाज, हे मी खूप आठवून पाहिलं. दोन्ही वाटायचं, आणि दोन्ही गिळून मी टाळ्या वाजवायचे.

मग नववीत केणी बाई आल्या. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. अंगाने दणकट, आवाज मासळीबाजारात वाढलेला, आणि हसल्या की वरच्या वर्गातून कोणीतरी दार लावून घ्यायचं. त्यांची नेमणूक तासावर होती. म्हणजे जितके तास शिकवतील तितक्याच तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या महिन्याची हमी नाही. हे आमच्या राज्यात हस्तकला, चित्रकला, खेळ शिकवणाऱ्या किती माणसांचं आहे याची कोणाला लाज वाटते का? मला तेव्हा हे काहीच कळत नव्हतं. मला एवढंच कळलं की जिन्याखालची कुलूपबंद खोली, जिथे मोडके बाक ठेवलेले असायचे, ती बाईंनी शिपाईकाकांना सोबत घेऊन रिकामी केली, झाडली, आणि दारावर खडूने लिहिलं, 'इथे हात घाण होतील'.

पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एक बटाटा ठेवला. "डोळे मिटा," म्हणाल्या. "त्याला सगळीकडून चाचपा. खड्डा कुठे, फुगवटा कुठे, कोंब कुठे. आता बटाटा दप्तरात टाका, आणि या मातीचा तसाच करा. डोळे उघडायचे नाहीत हां, मी बघतेय." शाडूची थंड माती, मिटलेले डोळे आणि सगळा वर्ग खिदळतोय. ओंकार सुर्वे म्हणाला, "बाई, मी भजी केली तर चालेल?" बाई म्हणाल्या, "चालेल की. पण भज्याला पण खालची बाजू असते, ती दाखव." डोळे उघडले तेव्हा माझ्या हातात बटाटा होता. खरोखर माझा बटाटा, त्याच्या डाव्या कुशीतल्या खड्ड्यासकट. मी आयुष्यात इतकी खूश झाले नव्हते. घरी एवढ्या वस्तू बनत होत्या, पण बाबा मला कधी कापायला द्यायचे नाहीत, माल बिघडेल म्हणून. माझ्याकडे फक्त भुसा रंगवायचं काम.

बाईंची एक खोड होती. तुम्ही काहीही करून दाखवलंत की त्या ते हातात घ्यायच्या, आणि समोरून बघायच्याच नाहीत. आधी उलटं करून तळ बघायच्या, मग पाठ, मग कुशी. "समोरून तर सगळेच बघतात," म्हणायच्या. "चित्र समोरून बघायचं असतं. वस्तूला सगळीकडून जगायला लागतं." एकदा पुठ्ठ्याचं आसन करायला सांगितलं, गोंद न वापरता, फक्त खाचा पाडून, आणि झाल्यावर ज्याने त्याने आपल्याच आसनावर बसायचं. निम्मा वर्ग जमिनीवर आपटला. बाई त्या पडलेल्यांकडे जाऊन विचारायच्या, "कुठून मोडलं? बघ ना. मोडलं तिथेच शिकायचंय." आजही कुठल्या इमारतीचं, पुलाचं उद्घाटन होतं आणि समोर फुलांच्या माळा दिसतात तेव्हा माझी मान आपोआप वाकडी होते, मागून कसं आहे ते बघायला. एवढं मला त्या एका वर्षाने दिलं, आणि तेही वर्ष पुरतं मिळालं नाही.

दुसऱ्या सत्रात इतिहास आणि हस्तकला मिळून एक प्रकल्प ठरला: किल्ला. त्याचे गुण दोन्ही विषयांत धरणार होते. पालकसभेला प्रदर्शन. बाईंनी निक्षून सांगितलं, "घरी काय आहे त्यातून करा. वाकडा होऊ दे. मला वाकडा चालतो, विकतचा चालत नाही." त्या संध्याकाळपासून आमच्या दारात रांग लागली.

मी बाबांना सांगितलं. ते खाली मान घालून तट कापत होते, कटर पुठ्ठ्यावरून कर्रकर्र जात होता. म्हटलं, "बाबा, यंदा मागून पण करा हां. बाई मागून बघतात."

"मागसून कोण बघता गो?" ते हसले. "किल्लो टेबलार ठेवतले, भिंतीक लावून."

"बाई उलटा करून बघतात. तळसुद्धा बघतात."

"तळ!" बाबांनी आईकडे बघितलं. "ऐकलंस? गणपतीच्या पाठी जावन कोणी बघल्यान हा कधी? मखर समोरसून बघूचा असता, सायले. मागे भिंत असता."

यात त्यांचा काही लबाडीचा हेतू नव्हता, हे मी आज शपथेवर सांगेन. एवढी वर्षं त्यांनी भिंतीला टेकणाऱ्या वस्तू केल्या. त्यांचा हात समोरून घडलेला. किल्ला करतानाही ते मखरच करत होते: पुढे बुरूज, महाद्वार, पायऱ्या, वर भगवा, सगळं रेखीव, आणि मागे उघडा पुठ्ठा. पुठ्ठा यायचा मरोळ नाक्यावरच्या फळवाल्याकडून, सफरचंदाच्या खोक्यांचा. तेव्हा प्रत्येक किल्ल्याच्या पाठीवर एक लालभडक सफरचंद छापलेलं आणि खाली 'सांभाळून हाताळा'.

माझा किल्ला मी स्वतः केला. शाडू, चिंध्या, आईने फेकायला काढलेली किसणी. तो डोंगरासारखा कमी आणि आजारी म्हशीसारखा जास्त दिसत होता. पण मागे कडा होता, कड्याला वाट होती, आणि वाटेवर पाण्याचं टाकं होतं.

सोमवारी किल्ले वर्गात आले. बाक अपुरे पडले. समोरून बघितलं तर सगळे भाऊ-भाऊ, एकाच घरातले. बाईंनी ओंकारचा उचलला, आणि नेहमीच्या सवयीने फिरवला. सफरचंद. त्यांनी तो खाली ठेवला, शेजारचा उचलला. सफरचंद. तिसरा. वर्गात आधी एक फुसकन हसला, मग सगळे. बाई हसल्या नाहीत.

"ओंकार, कोणी केलाय हा?"

"मीच, बाई."

"मग मागे सफरचंद का काढलंस?"

"ते... डिझाइन आहे, बाई."

हशा एवढा झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मी हसत नव्हते. ज्याच्या शेजारी उभं राहून मी घावणे खाल्ले होते तो माल तिथे उपडा पडून होता, आणि त्याच्या पाठीवरची आमची पिवळी चिकटपट्टी, बाबांनी दाताने तोडलेली, मला लांबूनही ओळखू येत होती. बाईंनी कोणाला शिक्षा केली नाही. फक्त म्हणाल्या, "ज्यांनी स्वतः केले नाहीत त्यांना अजून चार दिवस आहेत. घरी जाऊन काहीही करा, चिखलाचा गोळा आणा, मी गुण देईन. नाही आणलात तर शनिवारी आहेत तसे मांडीन." एकानेही काही आणलं नाही. घरी सांगितलंच नसेल, किंवा सांगितलं आणि घरचे म्हणाले असतील, बघू काय करते ती.

मी मात्र घरी सांगितलं. सगळं सांगितलं, हसणंसुद्धा. बाबांनी ऐकून घेतलं, आणि कटरचं पातं आत ओढून घेतलं. "बरा," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी हातातलं काम अर्धवट ठेवलं आणि नाक्यावर जाऊन बसायला लागले. मला वाटलं रागावले. तसं नव्हतं, हे कळायला मला तो शनिवार उजाडावा लागला.

शनिवारी हॉलमध्ये भिंतीलगत लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, आणि सगळे किल्ले लोकांकडे पाठ करून. समोर प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी. बाईंनी एकही शब्द लिहिला नव्हता, टोमणा नाही, काही नाही. फक्त फिरवले होते. पालक आत यायचे, आपल्या मुलाचं नाव शोधायचे आणि सफरचंदासमोर उभे राहायचे. माझा किल्लाही तसाच ठेवला होता, टाक्याची बाजू पुढे. आई त्या दिवशी आली नव्हती, बाबा आले होते, लग्नातला पांढरा शर्ट घालून.

पहिला आवाज सुर्वे साहेबांचा. हे ओंकारचे वडील, शाळेच्या समितीवर, आणि ज्या मंडळाचं मखर बाबा करायचे त्याचे अध्यक्ष. "काय हा प्रकार? मुलांनी मेहनत करून केलेली वस्तू अशी मांडायची?"

बाई पुढे आल्या. "मुलांनी केलेली असती तर मी डोक्यावर घेऊन नाचले असते, साहेब. ही विकत आणलीत. मी यांना गुण देत नाही."

मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं, माझा मुलगा तीन दिवस जेवला नाही या किल्ल्यापायी. कोणी म्हणालं, मी स्वतः बघितलंय त्याला करताना. एक बाई, जी आदल्या आठवड्यात आमच्या खाटेवर बसून चहा पिऊन गेली होती, ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "लहान मुलांवर खोटेपणाचा आरोप करता, तुम्हाला काही वाटत नाही?" मुख्याध्यापक दोन्ही हात हलवत होते, शांत व्हा, शांत व्हा. आणि मग सुर्वे साहेबांची नजर बाबांवर पडली. ते बाबांना विसरले होते की मुद्दाम आठवले, हे मला आजही सांगता येत नाही.

"हे बघा, परब आहेत इथे," ते म्हणाले. "यांचा धंदाच आहे. कारागीर माणूस. परब, तुम्हीच सांगा सगळ्यांना. हे काम बाहेरून करून घेतलेलं वाटतं का?"

त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी माझ्या बाबांच्या हातून किल्ला नेला होता, आणि ते सगळे आता त्यांच्याकडे असे बघत होते जणू पहिल्यांदाच बघतायत. बाबा टेबलापाशी गेले. त्यांनी ओंकारचा किल्ला उचलला, सरळ केला, बुरुजावरून अंगठा फिरवला. नवीन वस्तू बघावी तसा बघितला. मग म्हणाले, "नाही साहेब. पोराचंच काम आहे. कडा बघा ना, कच्च्या आहेत. धंद्यातल्या माणसाचा हात असा नसतो."

कोणीतरी टाळी वाजवली. खरंच वाजवली.

मी ओरडले, "बाबा, हा आपल्याकडचाच आहे! ही चिकटपट्टी बघा, आपली आहे!"

"गप रव," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता. मग सगळ्यांना, हसून, "पोरीला सगळंच आपलं वाटतं." आणि हॉल हसला. सुटल्यासारखा, पोटभर हसला. मी नववीत होते, माझं वजन एका खुर्चीएवढं असेल, आणि माझ्या एका वाक्याची किंमत त्या हशाएवढीही नव्हती.

मुख्याध्यापकांनी मला पुढे बोलावलं. "काय गं, तू काय म्हणत होतीस? स्पष्ट सांग सगळ्यांसमोर. तुझे वडील खोटं बोलतायत का?" माझं तोंड उघडलेलं होतं. मी सांगणारही होते. तेवढ्यात केणी बाई मध्ये आल्या आणि त्यांनी त्यांचा शाडूने भरलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला. त्या बाबांच्या हातांकडे बघत होत्या. कटरने कापून कापून बाबांच्या डाव्या अंगठ्याला पांढऱ्या रेघा पडल्या होत्या, त्या त्यांना दिसल्या असणार, कारण त्यांचा चेहरा बदलला.

"पोरीला बापाविरुद्ध उभं करू नका, सर," त्या म्हणाल्या. "मला जे म्हणायचं होतं ते मी मांडून ठेवलंय. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

त्यांनी ठरवलं. सोमवारी जिन्याखालच्या खोलीला कुलूप होतं. हस्तकलेच्या तासाला बीजगणित. मी कार्यालयात जाऊन विचारलं, बाईंना काढलं का? लिपिक म्हणाले, "काढायला त्या नोकरीवर कुठे होत्या? तास संपले त्यांचे." हे वाक्य मी पुढे संघटनेच्या कामाने फिरताना कितीतरी शाळांच्या कार्यालयांत ऐकलं, जवळजवळ असंच. माणसाला काढायचं नाही, नुसतं बोलवायचं नाही. मग आदेश नाही, सही नाही, भांडायला समोर कोणी नाही. खोलीत आता कुठल्याशा कंपनीची तयार किट आहेत, ठरलेला तुकडा ठरलेल्या भोकात बसवायचा की गाडी चालते. उद्घाटनाला फुगे लावले होते.

त्या शनिवारी आम्ही थेट घरी आलो. आईने कुळथाची पिठी केली होती. शेजारणीने येऊन तिला सगळं आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे ती ताटं वाढून समोर बसली आणि थेट बोलली. मला वाटलं ती खोटं बोलण्यावरून बोलेल. ती म्हणाली, "आपल्याच हातच्या कामाक कच्चा म्हणान इलास?"

बाबांनी भात कालवलेला तसाच ठेवला. "मग काय सांगू? आमचोच माल आसा म्हणान? मंडळाची ऑर्डर गेली असती, ती गेली तर गेली. पण त्या बाईन माझे किल्ले पाठ करून ठेवल्यान. सगळे बघत होते. मागे काय नाय. माझ्या कामाच्या मागे काय नाय, ह्या मी पयल्यांदा बघलंय." त्यांनी ताट बाजूला सारलं. "ता माझा म्हणान कसा सांगू?"

यंत्रं शनिवारची लवकर बंद झाली होती. ताटली कुरकुरत नव्हती. मी त्या क्षणी बाबांना माफ केलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण नाही केलं. एक माणूस आपल्या कामाच्या लाजेने खोटं बोलला, आणि त्या खोट्याने दुसऱ्या माणसाचं काम गेलं. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं झाकलं जात नाही.

त्यानंतर बाबा किल्ल्यांना मागची बाजू करायला लागले. कडे, चोरवाटा, मागचे दरवाजे. वेळ दुप्पट लागायचा. गिऱ्हाईकं वैतागली, मागचं कशाला करत बसलात, उद्या सकाळी न्यायचाय. म्हणजे किल्ला अजून सगळ्यांना विकतचाच हवा होता, फक्त लवकर. हळूहळू बाबांनी शाळेचं काम सोडलं. आता ते एका नाटकवाल्यांकडे नेपथ्य ठोकतात, आणि तिथेही मागून रंग लावतात म्हणून शिव्या खातात.

केणी बाई मला गेल्या वर्षी भेटल्या, तासावरच्या शिक्षकांच्या सभेत. वर्सोव्याहून दोन शाळा करतात, दोन्ही तासावर. मी त्यांना सगळं सांगितलं, माझे बाबा कोण, ते का तसं बोलले. त्या म्हणाल्या, "ते मला तिथेच कळलं होतं गं. मला त्यांचा राग नाही आला. बाकीचे का गप्प बसले?" आमच्या शाळेत हस्तकलेचे तास परत सुरू करा, असा अर्ज आमच्या संघटनेने दिलाय. समितीचं उत्तर आलं, सदर शिक्षिकेने पूर्वी पालकांवर निराधार आरोप केले होते, सबब विचार करता येत नाही. निराधार. हा एक शब्द त्यांना आजही त्या खोलीबाहेर ठेवतोय.

हे छापायच्या आधी मी बाबांना वाचून दाखवलं. ते नखाखालचा रंग काढत ऐकत होते. मग म्हणाले, "लिव. माझा नाव घाल. कमिटीसमोर येवन सांगूक लागला तर सांगतंय." दारापर्यंत जाऊन परत आले. "पण काम कच्चा होता, असा लिवू नको." तर लिहिते: कडा कच्च्या नव्हत्या. बुरूज एकसारखे होते. ते काम माझ्या बाबांचं, परबांचं होतं, आणि बाई खरं बोलत होत्या.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, ज्यांनी आमच्या खाटेवर बसून चहा घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून किल्ला नेला. तुमची मुलं शाळेतून कधीच बाहेर पडलीत, त्यांचे गुण कोणी परत मागणार नाही. सुर्वे साहेब तुमचं काही वाकडं करणार नाहीत. समितीची बैठक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते, पालकांना आणि माजी पालकांना बसता येतं. येत्या बैठकीला या. खुर्चीतून उठा, आपलं नाव सांगा, मुलाचं नाव सांगा, आणि म्हणा: किल्ला विकत घेतला होता. मग बसू नका. बाईंना परत बोलवा, म्हणा, आणि उत्तर मिळेपर्यंत उभे राहा.